नुसत्या फ्रेमपासून मॅच पिस्टल बांधायचंय, इकडे शक्य आहे का?

नाशिकचा_नेमबाज:
मंडळी नमस्कार. माझा आत्येभाऊ टेक्ससमध्ये असतो, तो यूएसपीएसए (अमेरिकेतली पळत पळत पिस्टल मारायची स्पर्धा) खेळतो. त्याने 2011 टाइपची (हे पिस्टलचं एक डिझाइन) नुसती फ्रेम, म्हणजे बाकी भाग जिच्यावर बसतात तो सांगाडा, घेतली आणि स्लाइड, बॅरल, ट्रिगर सगळं वेगवेगळं मागवून स्वतःचं लिमिटेड डिव्हिजनचं (त्या स्पर्धेतला एक गट) पिस्टल बांधतोय, रोज फोटो पाठवतो आणि इकडे माझा जीव जळतो. मी क्लबचं 10 मीटर एअर पिस्टल मारतो, स्कोअर 600 पैकी 540 च्या आसपास अडकलाय. आपल्याकडे असं काही पार्ट-पार्ट जमवून करता येतं का? निदान फ्रेम तरी मागवता येते का?

वकीलसाहेब_सातारा:
भावा, हा विचार आत्ताच सोडून दे. आर्म्स ॲक्ट 1959 मध्ये पार्टसुद्धा शस्त्रातच धरतात आणि लायसन्स नसताना बनवणं किंवा जुळवणं म्हणजे कलम 5 चा भंग. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. "मी तर स्पोर्ट्ससाठी करत होतो" हे कोर्टात कुणी ऐकून घेत नाही. कुरियरने फ्रेम मागवलीस तर कस्टमवालेच आधी घरी येतील.

डॅलसकर:
इथे राहतो म्हणून सांगतो, तुझा आत्येभाऊ काही लपूनछपून करत नाहीये. इथल्या फेडरल कायद्यात फ्रेम हीच गन, सिरीयल नंबर तिच्यावरच, ती डीलरकडून घ्यायची तर फॉर्म भरून, बॅकग्राउंड चेक होऊन. बाकी स्लाइड-बॅरल सुटे पार्ट म्हणून दुकानात मिळतात. राज्याराज्यात नियम वेगळे, कॅलिफोर्नियात तर डोकं फिरतं. आणि फोटोत दिसतं तितकं सोपं पण नाही, स्लाइड फ्रेमवर बसवणं आणि बॅरलचं लॉकअप (बॅरल स्लाइडमध्ये घट्ट अडकणं) जुळवणं यात लोकांचे महिने जातात, आमच्या क्लबातले बरेचजण शेवटी गनस्मिथकडेच देतात. त्यात मेजर स्कोअरिंग (मधल्या भागाबाहेर लागलेल्या शॉटलाही जास्त गुण) हवं तर पॉवर फॅक्टर, म्हणजे गोळीचं वजन आणि वेग यावरून काढलेला आकडा, 165 लागतो, म्हणून बरेच लोक लिमिटेडला .40 कॅलिबर घेतात. तुझ्या खेळाशी याचा काडीचा संबंध नाही बरं का, तिकडे पळत पळत मारायचं, तुमच्याकडे एका जागी उभं राहून 75 मिनिटांत 60 शॉट.

बालेवाडीची_ताई:
नाशिककर, तुला कस्टमच करायचं असेल तर ग्रिप कर ना! एअर पिस्टलमध्ये खरं कस्टम काम तिथेच आहे आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. मोरिनी कंपनीचं घ्या, स्टायरचं घ्या, मेकॅनिझम सगळ्यांचाच इतका चांगला असतो की 540 वाल्याला पिस्टल कमी पडत नाही, हात नीट बसत नाही हा खरा लोच्या असतो. मुलं नवीन पिस्टलसाठी आईबाबांच्या मागे लागतात आणि ग्रिप मात्र कंपनीतून आली तशीच वापरतात, मला याचा फार राग येतो.

असं कर. पिस्टल रिकामं आहे ना ते आधी बघ, मग टार्गेटसमोर उभा राहा, डोळे मिटून हात वर घे, दोन श्वास घे आणि डोळे उघड. फ्रंट साइट (पुढची माशी) नॉचमध्ये, म्हणजे मागच्या साइटच्या खाचेत, डावीकडे दिसली तर मनगट वळवून ती मधे आणायची नाही, ग्रिपचा कोन बदलायचा. मग तळहाताला थोडं कुंकू लाव आणि ग्रिप नेहमीसारखी धर. लाकडावर जिथे गडद डाग पडेल तिथे दाब जास्त, तिथे पॉलिश पेपरने हळूहळू घास. जिथे डागच नाही तिथे पोकळी आहे, ती इपॉक्सी पुटीने भर आणि पुटी ओली असतानाच हात दाबून ठेव, आधी हाताला जरा तेल लाव नाहीतर पुटी हातालाच चिकटेल. एका बैठकीत सगळं करायचं नाही. थोडं घासायचं, आठवडाभर मारायचं, परत बघायचं.

पुटी लावताना भान ठेव, अख्खं पिस्टल 420 × 200 × 50 मिमीच्या बॉक्समध्ये बसलं पाहिजे आणि पाम शेल्फ (ग्रिपवरचा तळहात टेकवायचा कठडा) वरच्या बाजूला वळून मनगटाला आधार देत असेल तर इक्विपमेंट कंट्रोलवाले (मॅचआधी पिस्टल तपासणारे) लगेच बाजूला काढतात. जास्त जाड केलीस की 50 मिमीतच मार खातोस.

नाशिकचा_नेमबाज:
ताई खूप धन्यवाद, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण ग्रिप क्लबची आहे, घासली तर सर मारतील 😅 आणि ट्रिगरचं काय? तो पण हलका करून घेऊ का?

बालेवाडीची_ताई:
क्लबच्या ग्रिपला हात नको लावू रे, सुटी ग्रिप विकत मिळते, तुझ्या हाताच्या साइजची घे आणि तिच्यावर काम कर, स्पर्धेला जाताना तीच चढवायची. ट्रिगर 500 ग्रॅमच्या खाली चालतच नाही, कंट्रोलला वजन लटकवून बघतात. बरोब्बर 500 वर पण ठेवू नको, थोडा वर ठेव, थंडीत किंवा प्रवासात सेटिंग जरा हललं तर ऐन मॅचच्या सकाळी धावपळ. आणि क्लबच्या पिस्टलच्या हवेच्या सिलेंडरवरची तारीख बघ, 10 वर्षं उलटली असतील तर तो मॅचला चालणार नाही.

वकीलसाहेब_सातारा:
ताईंचं ऐक. आणि आत्येभावाला सांग, फोटो पाठव, पार्ट नको.