कार्सिनोसार्कोमा: प्रत्येक गाठीचं एनजीएस (एकाच वेळी अनेक जनुकं वाचणारी चाचणी) हवंच का?

काचपट्टी: गर्भाशयाच्या कार्सिनोसार्कोमात एकाच गाठीत कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचा कर्करोग) आणि सार्कोमा (आधार-ऊतकांचा कर्करोग) नांदतात. बहुतेकदा दोन्ही भागांत टीपी५३ या गाठरोधक जनुकाचं तेच म्युटेशन सापडतं, म्हणजे मूळ पेशी एकच. टीसीजीए या अमेरिकी कर्करोग-जनुक प्रकल्पाच्या २०१७च्या अभ्यासात ५७ गाठींपैकी सुमारे ९० टक्क्यांत टीपी५३ बिघडलेलं होतं. मग ठाऊक असलेलंच शोधायला एनजीएसचं मोठं पॅनल (जनुकांचा संच) कशाला? पी५३ (टीपी५३चं प्रथिन), चार एमएमआर (डीएनए-दुरुस्ती) प्रथिनं आणि हर-२ (पेशीवरचं वाढीचं ग्राहक प्रथिन) यांची आयएचसी, म्हणजे प्रथिनं रंगवून बघणं, पुरते. एफबीएक्सडब्ल्यू७ जनुकाचा बिघाड निघो वा सीसीएनई१च्या जादा प्रती, दोन्हींचा परिणाम पेशी-विभाजन चालवणारं सायक्लिन-ई साचण्यातच. केमो पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिनच सुरू होणार.

जनुकवेडी: साफ असहमत. पोल-ई या डीएनएची नक्कल करणाऱ्या जनुकाचं म्युटेशन आयएचसीत दिसतच नाही. फिगो या आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग संघटनेच्या २०२३च्या स्टेजिंगनुसार गर्भाशयापुरत्या गाठीत ते सापडलं तर पेशीप्रकार कुठलाही असो, स्टेज आयएएम (चांगल्या भवितव्याची) होते. पी५३ बिघडलेलं असलं तरी वर्गीकरणात पोल-ईच वरचढ. असे रुग्ण थोडे, पण त्यांना उगाच जास्त उपचार का द्यायचे?

काचपट्टी: त्यासाठी पोल-ईचे ९ ते १४ एक्झॉन (जनुकाचे तुकडे) वाचले की झालं, शेकडो जनुकं नकोत. शिवाय एमएलएच१ (चारपैकी एक एमएमआर प्रथिन) आयएचसीत गायब असेल, तर प्रमोटर मिथिलेशन (जनुक बंद करणारी रासायनिक खूण) बघावंच लागतं. नेहमीचं पॅनल ते सांगत नाही.

फॉर्मलिन: भांडा खुशाल, पण ब्लॉकचं (मेणात बसवलेल्या ऊतकाच्या तुकड्याचं) काय? गर्भाशय न उघडता बादलीत टाकलं की ऊतक टिकवणारं फॉर्मलिन आत पोचत नाही, मधला भाग सडतो. तिथला पी५३ पांढरा दिसला की घाईने ‘नल’ (प्रथिन पूर्ण गायब) लिहितात. शेजारच्या निरोगी लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) नि स्ट्रोमाच्या (आधार-ऊतकाच्या) पेशींत फिकट रंग आलाय का ते आधी बघा. नसेल तर ती चाचणीच बाद. हर-२ बहुधा कार्सिनोमाच्याच भागात चढतं, तेव्हा निव्वळ सार्कोमाचा ब्लॉक दिलात तर निगेटिव्ह येणारच. सार्कोमात हाड असेल तर अ‍ॅसिडने डीकॅल्सिफाय केलेल्या (कॅल्शियम काढलेल्या) तुकड्याचा डीएनए गेलाच समजा. मऊ भागाचा वेगळा ब्लॉक करा, नाहीतर ईडीटीए (कॅल्शियम हळू काढणारं सौम्य रसायन) वापरा, वेळ लागला तरी.

जनुकवेडी: हे मान्य. पण हर-२ २+ (संदिग्ध) आला तर फिश (जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी), मग पोल-ई, मग मिथिलेशन, असं एकेक करत तोच ब्लॉक किती वेळा कापायचा? बायोप्सी इवलीशी असेल तर तिसऱ्या चाचणीला ऊतक उरत नाही. तिथे एनजीएस आधीच लावलेलं बरं.

काचपट्टी: इवल्या बायोप्सीपुरतं ठीक. शस्त्रक्रियेनंतर डझनभर ब्लॉक हाती असताना नाही.