अनुभव धागा: अंगात कसर असताना कोल्हापूरच्या पेठा बघणं

शिकायला, नोकरीला कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांना पहिल्या पावसाळ्यात सर्दी, घसा, कणकण गाठतेच. अंगात ताप असेल तर अंथरूण सोडायचं नाही, त्यावर चर्चा नको. पण सर्दी उरली असेल किंवा ताप उतरून अशक्तपणा असेल, तर कुठं आणि किती फिरावं? माहीतगारांनी नेमकं लिहावं.

बिंदू चौकातून

एका वेळी एकच पेठ. सुरुवातीला बिंदू चौक ते भवानी मंडप पुरे. रमतगमत दहा मिनिटं, आणि मंडपात टेकता येतं. अंबाबाईच्या देवळात सकाळी लवकर जा. मोठ्या रांगेत न थांबता मुखदर्शन घ्या. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि पावसात पाय गार पडतात, तेव्हा पिशवीत छोटा पंचा आणि कोरडे मोजे असू द्या. मंगळवार, शुक्रवार आणि किरणोत्सवाच्या संध्याकाळी (३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, ९ ते ११ नोव्हेंबर) गर्दी फार, खोकणाऱ्यानं टाळावी. महाद्वार रोड पूर्ण बरं वाटल्यावरच करा, तिथं निवांत बसायची सोय नाही.

औषध दुकानातून

पॅरासिटामॉल ५०० घेतली की अर्ध्या-पाऊण तासात हुशारी वाटते आणि चार ते सहा तासांत तिचा जोर उतरतो. फसगत इथंच होते. गोळीच्या जोरावर माणूस रंकाळा तलावापर्यंत जातो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा थंडी वाजायला लागते. गोळी न घेता चोवीस तास ताप नसेल तरच बाहेर पडा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, वेष्टनावर वाचा, नाहीतर मात्रा दुप्पट होते. त्यांतल्या काहींनी झापड येते, त्या घेऊन दुचाकी चालवू नका. पावसाळ्यातल्या तापात आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनानं घेऊ नये, डेंगी निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसलं तर थेट दवाखाना.

गंगावेशीतून

दूध कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून देतात, लई भारी चीज हाय. पण ते दूध न तापवलेलं. पोट बिघडलंय किंवा नुकतं आजारातनं उठलाय, तर नुसतं बघा, प्यायचं राखून ठेवा. घरी नेऊन उकळून प्यायला हरकत नाही.

खाण्याबद्दल

पांढरा रस्सा रंगानं सौम्य वाटतो, पण त्यात मटणाचं पाणी, नारळाचं दूध आणि मिऱ्याचा झटका असतो. सर्दीत गरम वाटीभर बरा वाटतो, जुलाबात मात्र अजिबात नको. मिसळ खायचीच असेल तर कट वेगळा मागा आणि चमच्यानं घ्या. त्यातलं तेल आणि कांदा-लसूण चटणी सुजलेल्या घशाला सोसत नाही. जुलाब झाले असतील तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मिठाचा अंदाज चुकवू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

टाउन हॉलजवळून

अशक्त माणसासाठी माझ्या मते शहरातली सगळ्यात चांगली जागा हीच. बागेत झाडांखाली बसा, जीव थांबला की वस्तुसंग्रहालयात जा (सोमवार सोडून). इथल्याच पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू तिथं आहेत. अचानक त्रास झालाच तर सीपीआर रुग्णालय समोरच आहे. रंकाळ्याला संध्याकाळी गार वारा लागतो, त्यापेक्षा सकाळी कोवळ्या उन्हात एका कडेनं थोडं चालून परत फिरा. पूर्ण फेरा नको.

राजारामपुरीतून

इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळं थकल्यावर रिक्षावाल्याला पत्ता सांगणं सोपं जातं. दवाखानेही हाताशी. खोकला असताना वडापात (सीटवर पैसे घेणाऱ्या खाजगी गाडीत) दाटीवाटीनं बसू नका, केएमटीत (महापालिकेच्या बसमध्ये) मोकळी खिडकी मिळाली तर बरं. मास्क लावाच, शेजारच्याचाही विचार हवा.

वरच्या सगळ्याला पुस्ती

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर बघत जा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. इशारा ओलांडला की घाट आणि नदीकाठचे सखल भाग सोडा. पूर ओसरल्यावर नळाचं पाणीही खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवून मगच प्या.