मर्दानी खेळ शिकलेल्या खेळाडूला पेटती तलवार कशी द्यावी?

रंकाळाकाठ :
आम्ही पाच जण दर रविवारी राजारामपुरीत डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती खेळतो आणि डीएमचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे, काम माझ्याकडे आहे. तिसऱ्या पातळीवरच्या आमच्या चमूला लवकरच ‘फ्लेम टंग’ ही पेटती तलवार सापडणार आहे. परंतु आमचा एकमेव लढवय्या लहानपणापासून तालमीत मर्दानी खेळ शिकलेला असल्यामुळे त्याने आपले पात्रही दंडपट्टा आणि विटा (दोरी बांधलेला फेकायचा भाला) चालवणारेच बनवले आहे. मागे मिळालेली जादूची गदा कोणाच्याच उपयोगाची नव्हती, म्हणून मंडळींनी ती पहिल्याच गावातल्या लोहाराला विकून टाकली. तलवारीचेही तेच होऊ नये म्हणून तिच्यात नेमके काय बदलावे?

वीसबाजू :
आकार खुशाल बदला. सामर्थ्याचा मात्र हिशेब ठेवा. नियमांनुसार ही तलवार कोणत्याही प्रकारची असू शकते, त्यामुळे तिचा पट्टा करायला अडचण नाही; नुकसानीसाठी लाँगस्वोर्डप्रमाणे आठ बाजूंचा फासा धरावा. खरी अडचण पातळीची आहे. ही ‘रेअर’, म्हणजे दुर्मिळ, वस्तू असून २०१४ चे डीएमचे पुस्तक अशा वस्तू पाचव्या पातळीपासून सुचवते, कारण प्रत्येक लागलेल्या घावामागे सहा बाजूंच्या दोन फाशांचे, म्हणजे सरासरी ७ गुणांचे, जास्तीचे नुकसान होते. आत्ता एकच फासा द्यावा. पाचव्या पातळीला लढवय्याला दुसरा वार मिळतोच, म्हणून दुसरा फासा मी सहाव्या पातळीपर्यंत लांबवीन.

पट्टेकरी :
वरील हिशेब मान्य आहे, पण केवळ तलवारीचे नाव बदलून तिचा पट्टा होत नाही. पट्ट्याची मूठ आडवी असते आणि हातावर पोलादी आवरण चढते, त्यामुळे मनगट वळत नाही व वार संपूर्ण हाताने फिरवावा लागतो. हेच नियमात आणा : पट्टा चढवलेल्या हाताने दोर पकडता येणार नाही की औषधाची कुपी उघडता येणार नाही, परंतु शत्रूला तो हातातून पाडताही येणार नाही. विट्याला तर जादू जवळजवळ लागतच नाही. त्याची दोरी मनगटाला बांधलेली असल्यामुळे फेकलेला विटा ओढून परत घेता येतो. ती दोरी गरजेप्रमाणे २० फुटांपर्यंत लांबते, एवढेच म्हणा. भाल्याची साधी फेकही तेवढीच आहे. वर वाराच्या फाशात +१ची भर देण्याचा मोह टाळा, कारण वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे वार लागण्याची शक्यता पाच टक्क्यांनी जास्त.

वीसबाजू :
विट्याची कल्पना उत्तम आहे, मात्र दोन्ही शस्त्रे एकदम देऊ नका. एका पात्राला तीनच वस्तूंशी अट्यूनमेंट, म्हणजे जादू वापरण्यासाठीची जुळणी, करता येते हे खरे, पण उरलेल्या तिघांच्या चेहऱ्यांना तो नियम पुरत नाही.

रंकाळाकाठ :
आभारी आहे. आता एका फाशाचा पट्टा आणि विटा पुढच्या मोहिमेत, असे ठरवले आहे. सापडलेली तलवार गदा विकत घेणाऱ्या त्याच लोहाराकडून पट्ट्याच्या रूपात घडवून घ्यावी लागेल. आता त्याने मजुरीपोटी किती मोहरा मागाव्यात, एवढे कोणी सुचवावे.