अनुभव धागा : नागपुरात शाळकरी वयात विज्ञानाची संधी कुठे मिळाली?

लेक यंदा नववीत गेली. तिला स्वतःच्या हाताने काहीतरी शोधून पाहायचंय. रमण विज्ञान केंद्र तिचं पाठ झालंय. त्यापुढे कुठे जावं? पालक, शिक्षक, विद्यार्थी, जे मिळालं आणि जे हुकलं ते सगळं लिहा.

शिक्षिका, हिंगण्याकडची शाळा
नागपूर 21.15 अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. 26 मेला सुट्टी असूनही अकरा पोट्टे आले. हॅण्डपंपाच्या ओट्यावर पाइपाचा तुकडा उभा केला, ओळंबा लावून सरळ केला. ऊन असं, की ओट्याला हात लावता येईना. 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास सावली पाइपाच्या बुडात शिरली आणि सगळे गप्प. मग सातवीतली एक पोरगी म्हणाली, “मॅडम, दिल्लीत काऊन नाही होत असं?” इतकी वर्षं अक्षांश शिकवतेय, हा प्रश्न वर्गात कधी आला नव्हता. दुसरी तारीख जुलैत येते, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

एक आई, धरमपेठ
नववी आहे ना? मग होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा बघाच. सहावी आणि नववीसाठी असते. लेखीनंतर प्रात्यक्षिक, पुढे कृतिसंशोधन प्रकल्प. आमच्या मुलाने अंबाझरी तलावाच्या पाण्याचा गढूळपणा मोजला. डब्याचं झाकण पांढरं रंगवलं, दोरीने पाण्यात सोडलं, दिसेनासं झालं की दोरी मोजायची. पावसाआधी आणि नंतर. पदक नाही मिळालं, पण ती वही अजून जपून ठेवली आहे.

मामा
इन्स्पायर-मानक ही शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना. त्यात निवड झाली की 10,000 रुपये मिळतात. नाव मात्र शाळेनेच ऑनलाइन पाठवायचं. भाच्याची शाळा “बघू, बघू” करत राहिली आणि मुदत संपली. पोरगा दोन दिवस जेवला नाही नीट. आत्ताच जाऊन मुख्याध्यापकांना भेटा.

निवृत्त शिक्षक
सीएसआयआर म्हणजे देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळा चालवणारी संस्था. शाळकरी मुलांना त्या प्रयोगशाळांशी जोडणारा तिचा ‘जिज्ञासा’ उपक्रम 2017 पासून आहे आणि तिची पर्यावरणावर संशोधन करणारी प्रयोगशाळा, नीरी, तर आपल्या गावातच. मुलांना घेऊन गेलो होतो. तिथल्या एका ताईंनी एका मुलाला खोडरबर वापरताना पाहिलं. म्हणाल्या, “चुकलेलं रीडिंग खोडायचं नाही. एक रेघ मार, खालचा आकडा दिसला पाहिजे.” पुढे वर्षभर माझ्या वर्गात प्रयोगवहीला खोडरबर लागलं नाही. भेटीसाठी शाळेच्या लेटरहेडवर पत्र लागतं, तेवढं आधी करून ठेवा.