जे इंद्रियांना कळत नाही ते आहे, असं कशाच्या बळावर मानायचं?

पैलतीर:
प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना कळतं, तेवढंच प्रमाण, हे नास्तिक चार्वाकांचं म्हणणं वजनदार आहे. धूर तिथे अग्नी, हे सगळीकडे जाऊन कुणी तपासलंय? त्यावर न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्यांनी विचारलं, घराबाहेर पडल्यावर बायकामुलं दिसत नाहीत, म्हणून चार्वाकाने ऊर बडवून रडायचं का?

मला अनुमान, म्हणजे दिसतं त्यावरून न दिसणारं ओळखणं, पटतं. युरेनस गणिताबरहुकूम फिरेना, तेव्हा फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी न दिसलेल्या ग्रहाची जागा कागदावर काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ गाले यांना नेपच्यून तिथून एका अंशाच्या आत सापडला. सापडायच्या आदल्या दिवशीही तो मानणं रास्तच होतं.

रोकठोक:
ही अर्धीच गोष्ट झाली. बुधाची कक्षा जुळेना म्हणून १८५९ मध्ये याच ल व्हेरिए यांनी सूर्याजवळ आणखी एक ग्रह असल्याचं सांगितलं. त्याचं नाव व्हल्कन. लोकांनी ग्रहणांत तो शोधला, तो नव्हताच. बुधाचं कोडं १९१५ मध्ये आइन्स्टाइननी सोडवलं. गणिती तोच, पद्धत तीच. निवाडा शेवटी डोळ्यांनी केला. अनुमानाने कुठे बघायचं ते सांगावं, विश्वास बघितल्यावर.

पैलतीर:
व्हल्कन तर माझ्याच बाजूने बोलतो. तो कुठे दिसायला हवा हे आधी ठरलं होतं, दिसला नाही, सोडून दिला. असं हरण्याची तयारी असलेला विश्वासच मला समर्थनीय वाटतो.

आणि डोळ्यांचं म्हणाल, तर भौतिकशास्त्रज्ञ पाउलींनी १९३० मध्ये सुचवलेला न्यूट्रिनो हा सूक्ष्म कण १९५६ मध्ये सापडला तो अणुभट्टीजवळ ठेवलेल्या उपकरणांतल्या नोंदींवरून. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. असल्या यंत्रात चार किलोमीटर लांब भुजांमधला प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान फरक मोजतात. तिथे कोण काय ‘बघणार’?

ओवी:
मग अनुमान अर्ध्यावर का सोडता? उदयनाचार्यांनी त्याच वाटेने ईश्वर सिद्ध केला. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, योग्यांना ध्यानात होणारं प्रत्यक्षही मानतात. ज्ञानोबा-तुकोबांचा अनुभव तुमच्या यंत्राच्या नोंदीपेक्षा हलका कसा?

रोकठोक:
बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तींनीही अनुमान मानलं आणि ईश्वर खोडून काढला. वाट एकच, मुक्काम दोन.

पैलतीर:
ओवी, अनुभव खराच आहे, त्याबद्दल मला आदर आहे. त्यावरून जगाबद्दल काय ठरतं हा प्रश्न वेगळा. काय घडलं तर तुम्ही म्हणाल की ईश्वर नाही?

ओवी:
विठ्ठलाला असली अट घालून कुणी वारीला निघत नाही. आणि दुसऱ्याचं दुःख तरी तुमच्या कुठल्या इंद्रियाला कळतं? दिसतात ती आसवं. एखाद्याचं सोंग उघडं पडेल, मान्य. पण समोरच्या माणसांना आपल्यासारखं मन आहे हे तुम्ही धरूनच चालता. ते खोटं ठरवणारी अट कुठली, सांगा.