आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याने धुण्यासाठी कोणते साधन निवडावे?

प्रश्न

माझ्या बोटीवर ४० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या कडेला बाहेरून लावलेले, इंजिन आहे आणि सोबतच्या लहान होडीसाठी ५ अश्वशक्तीचे दुसरे. दोन्ही इंजिने खाऱ्या पाण्यात चालतात. मोठी बोट प्रत्येक फेरीनंतर ट्रेलरवर चढवून बाहेर काढली जाते, त्यामुळे इंजिन आतून धुण्याची सोय मला जमिनीवरच करायची आहे. आजवर मी इंजिनावर फक्त बाहेरून पाणी मारत असे. मागच्या देखभालीच्या वेळी थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर थंडाव्याच्या पाण्याची वाट उघडणारी झडप) काढला, तेव्हा त्याच्या बैठकीभोवती मिठाचा पांढरा थर इतका घट्ट बसलेला आढळला की तो नखाने खरवडूनही निघेना. केवळ बाहेरून धुतल्याने आतल्या मिठाला काहीही होत नाही, हे तेव्हा मला पुरते कळले.

आता माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक म्हणजे पाणी घेण्याच्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी बसणारे रबरी कप, ज्यांना मफ म्हणतात. दुसरा म्हणजे इंजिनालाच असलेले नळी जोडण्याचे तोंड. आणि तिसरा म्हणजे इंजिनाचा खालचा भाग बुडेल अशी पिशवी किंवा पिंप. मफमध्येही गोल आणि चौकोनी, एका बाजूने पाणी देणारे आणि दोन्ही बाजूंनी देणारे असे प्रकार दिसतात. नळ बोटीपासून साधारण २० मीटर दूर आहे आणि सध्याची नळी अर्ध्या इंचाची आहे. यांतले नेमके काय घ्यावे, आणि दोन्ही इंजिनांना एकच साधन पुरेल का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १

साधन निवडण्याआधी इंजिनाच्या पायाजवळ बसून ते पाणी कुठून घेते हे नीट पाहावे, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच ठरतो. पुष्कळ इंजिनांत गिअरकेसच्या, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाच्या, दोन्ही बाजूंना जाळ्या असतात आणि तिथे मफ व्यवस्थित बसतात. परंतु काहींमध्ये त्याशिवाय पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरच्या आडव्या पट्टीखाली किंवा गिअरकेसच्या नाकावर आणखी छिद्रे असतात. अशी छिद्रे उघडी राहिली तर पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार तुटक येते. अशा वेळी ती छिद्रे चिकटपट्टीने तात्पुरती बंद करावी लागतात, आणि काम झाल्यावर ती पट्टी आठवणीने काढावी लागते.

कपाचा आकार जाळीच्या आकारावरून ठरवावा. जाळी लांबट आणि उभी असेल तर गोल कपाच्या कडेबाहेर तिचे टोक उरते, म्हणून तिथे चौकोनी कप घ्यावा. ४० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी मी दोन्ही बाजूंनी पाणी देणारा संच सुचवेन. एका बाजूने पाणी देणाऱ्या संचात दुसरा कप फक्त झाकणाचे काम करतो. त्याची कड जराशी उचलली गेली तरी तिथून हवा शिरते. दोन्ही बाजूंना पाणी असले तर कड थोडी सुटली तरी हवा आत जाण्याऐवजी बहुतेक वेळा पाणीच बाहेर गळते.

आता नळीबद्दल, कारण नवीन साधन घेऊनही पुष्कळ जण याच ठिकाणी चुकतात. २० मीटर लांबीच्या अर्ध्या इंची नळीत घर्षणामुळे दाब बराच कमी होतो. नळ पूर्ण उघडून तुमच्या नळीच्या टोकाने १० लिटरची बादली किती वेळात भरते ते मोजा, आणि पाऊण इंची नळी उसनी आणून तेच पुन्हा मोजा. हा फरक पाहिला की नळी बदलायची की नाही ते आपोआप ठरेल. पाणी सुरू असताना मफच्या कडांमधून थोडे पाणी सतत बाहेर उडत असेल तर ते चांगले लक्षण समजावे, कारण पंपाला लागते त्याहून जास्त पाणी पोहोचत आहे, असा त्याचा अर्थ होतो. इंजिन सुरू केल्यावर कप आत खेचले जाऊन चपटे होत असतील तर पाणी कमी पडते आहे, असे समजून इंजिन लगेच थांबवावे.

मफ वापरताना क्रम मोडू नये. आधी नळ उघडावा, मग इंजिन सुरू करावे. थांबवताना आधी इंजिन बंद करावे आणि मग नळ. गिअर न्यूट्रलमध्ये असावा, वेग आयडलवरच ठेवावा आणि शक्य असेल तर पंखा काढून ठेवावा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन गरम होणे आवश्यक असते, नाहीतर त्याच्या पलीकडच्या वाटांतून पुरेसे पाणी फिरत नाही; तुम्हाला मिठाचा थर नेमका त्याच जागी दिसला, हे लक्षात घ्या. म्हणून दोन मिनिटांत आटोपू नका, १० ते १५ मिनिटे द्या. बंदिस्त शेडमध्ये मात्र इंजिन चालवू नका, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उत्तर २

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त स्वतःच्या अनुभवातून एक गोष्ट जोडतो. माझे मफ तीन वर्षे उन्हात लोंबकळत राहिल्याने त्यांचे रबर कडक झाले होते. एकदा इंजिन सुरू करून मी बोटीच्या नाळेकडे दोर गुंडाळायला गेलो, आणि इंजिनाच्या थरथरीने एक कप जाळीवरून खाली सरकला. परत येईपर्यंत साधारण मिनिटभर गेला असेल. इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची धार बंद झाली होती आणि रबर जळल्याचा वास येत होता. इम्पेलरची, म्हणजे पंपात फिरणाऱ्या चाकाची, रबरी पाती पाण्यावरच घसरत फिरतात, त्यांना दुसरे वंगण नसते. पंप उघडला तेव्हा पात्यांची टोके झिजून चकचकीत झालेली आणि एक पाते अर्धे तुटलेले निघाले. इम्पेलर बदलला, पण तुटलेला तुकडा मी शोधला नाही. तो वरच्या वाटेत अडकला होता, आणि पुढच्याच फेरीत इंजिन तापल्याचा भोंगा वाजला.

त्यामुळे निवड करताना मी दोन गोष्टी पाहतो. पहिली, दोन्ही कपांना जोडणारी तार नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर धरणारी नसून तिच्यावर आवळण्याचा क्लॅम्प असावा. काही संचांत एक बारीक सळई जाळीतून आरपार जाते, तशी सोय तुमच्या गिअरकेसला चालत असेल तर कप सरकण्याची भीतीच उरत नाही. दुसरी, रबर जाड पण मऊ असावे आणि कड बोटाने दाबली असता लगेच पूर्ववत व्हावी. आणि संच कितीही चांगला असला तरी इंजिन चालू असताना त्याच्याजवळून हलू नये. धार मंद झाली की आधी इंजिन बंद करावे, मगच कारण शोधावे. बहुतेक वेळा धारेचे छिद्रच मिठाने किंवा चिखलाने बुजलेले असते आणि नायलॉनच्या जाड दोऱ्याने ते मोकळे होते, परंतु तो अंदाज इंजिन चालू ठेवून करू नये.

उत्तर ३

लहान इंजिनासाठी वेगळे साधन घ्यावे लागण्याचीच शक्यता अधिक आहे. ५ अश्वशक्तीच्या आसपासच्या बऱ्याच इंजिनांत पाणी घेण्याची जागा इतकी लहान किंवा पट्टीच्या इतकी लगत असते की मफ धड बसत नाहीत. त्यासाठी एक मजबूत पिंप पुरेसे आहे. इंजिन भक्कम लाकडी घोडीवर लावावे, पंखा काढावा आणि पाण्याची पातळी आडव्या पट्टीच्या चार बोटे वर ठेवावी. सुरू केल्यावर धूर पाण्यातूनच बाहेर येतो, पाणी उसळून सांडते आणि पातळी उतरते, म्हणून नळी पिंपात सोडून नळ थोडा चालू ठेवावा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेच पाणी पुढच्या खेपेसाठी ठेवले तर आपण इंजिन पुन्हा थोड्या खारट पाण्यानेच धुतो. दर वेळी पाणी बदलणे आवश्यक आहे.

पिशवीचे साधन बोट पाण्यातच उभी राहत असेल तर उपयोगी पडते, कारण ती इंजिनाच्या पायाभोवती बांधून आतले खारे पाणी हटवता येते. आपली बोट बाहेर येत असल्याने त्यावर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. मोठ्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना उभ्या लांबट जाळ्या आहेत, दुसरे छिद्र सापडले नाही. चौकोनी, क्लॅम्प असलेला, दोन्ही बाजूंनी पाणी देणारा संच घेण्याचे ठरवले आहे. लहान इंजिनासाठी पिंप करतो. आता दोन शंका राहिल्या. इंजिनाला जे नळीचे तोंड आहे, ते असताना मफची खरोखर गरज आहे का? आणि त्या तोंडावर माझ्या नळीचे कपलिंग दीड फेरा फिरून अडते, ते जोर लावून बसवावे का?

उत्तर १ (पुन्हा)

जोर मुळीच लावू नका. हा आट्यांचा फरक असण्याची दाट शक्यता आहे. आउटबोर्डवरची ही तोंडे पुष्कळदा अमेरिकी बागनळीच्या पाऊण इंची मापाची असतात आणि त्यांना दर इंचाला ११.५ आटे असतात. ब्रिटिश मापाच्या पाऊण इंची नळसाहित्याला दर इंचाला १४ असतात. बाहेरचा व्यास मात्र सुमारे १.०६ आणि १.०४ इंच, म्हणजे जवळपास सारखाच, त्यामुळे कपलिंग सुरुवातीला बसल्यासारखे वाटते आणि मग अडते. पितळी कपलिंग पान्याने आवळले तर इंजिनावरच्या प्लॅस्टिकच्या तोंडाचे आटे कायमचे जातात. दोन मापांना जोडणारा अडॅप्टर मिळतो, तोच घ्या आणि त्यात सपाट रबरी वॉशर आहे ना ते पाहा.

पहिल्या शंकेबद्दल सांगायचे तर दोन्ही ठेवा. या तोंडातून पाणी देताना बहुतेक उत्पादक इंजिन बंद ठेवायला सांगतात, कारण पाणी वरून शिरते आणि खालच्या पंपापर्यंत ते पुरेसे पोहोचेलच असे नसते. इंजिन चालवले तर इम्पेलर कोरडा फिरू शकतो. काही इंजिनांत ते चालवण्याची मुभा असते, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेचा मानावा. घाईच्या दिवशी, किंवा शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको असेल तेव्हा, हे तोंड सोयीचे आहे. परंतु तुमच्या थर्मोस्टॅटभोवती आधीच थर जमलेला असल्याने निदान सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर तरी मफ लावून, इंजिन गरम करूनच धुवावे असे माझे मत आहे. धुऊन झाल्यावर इंजिन काही वेळ सरळ उभे ठेवा, म्हणजे आतल्या पाण्याचा निचरा होईल.

उत्तर २ (पुन्हा)

त्या तोंडाविषयी आणखी एक. काही इंजिनांत नळी काढल्यावर तिथली जोडणी परत तिच्या जागी बसवून हाताने घट्ट आवळावी लागते. ती सैल राहिली तर पुढच्या फेरीत थंडाव्याचे पाणी इंजिनात फिरण्याऐवजी तिथूनच बाहेर पडते आणि इंजिन तापते. बोट पाण्यात उतरवण्यापूर्वी मी त्या जोडणीला हात लावून पाहतो आणि इंजिन सुरू केल्यावर धार आली की मगच दोर सोडतो.