उबुंटूतून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडते

प्रश्न:
विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून मी घरच्या डेस्कटॉपवर शेजारी उबुंटू ही दुसरी कार्यप्रणाली बसवली; मात्र आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असल्याने रोज दोन्हीकडे ये-जा करावी लागते. उबुंटू बंद करून सकाळी ११ वाजता विंडोज सुरू केले, की तिथे पहाटेचे साडेपाच दिसतात. वेळ हाताने दुरुस्त केली, तर पुढच्या वेळी उबुंटूचे घड्याळ काही क्षण तितकेच पुढे धावते. रात्री ९ वाजता निघणारी हिशेबाची बॅकअप प्रत यामुळे कित्येक दिवस निघालेलीच नाही, आणि मला त्याचीच खरी काळजी आहे. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल दुकानात बदलून घेतला, पण उपयोग झाला नाही.

प्रतिसाद १:
विंडोजमध्ये टाइम झोन भारताचाच निवडलेला आहे ना, हे आधी पाहावे. नवा सेलही कधी कधी सदोष निघतो.

प्रतिसाद २:
सेल संपला असता, तर वीज बंद राहिल्यावर तारीखच कुठल्या तरी जुन्या वर्षात गेली असती. फरक दर वेळी नेमका साडेपाच तासांचा आला नसता. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे, आणि उत्तर तिथेच आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळाला टाइम झोन ठाऊक नसतो. उबुंटू त्यात जागतिक वेळ लिहिते, तर विंडोज डॉस या जुन्या प्रणालीच्या काळापासूनच्या प्रथेनुसार तीच वेळ स्थानिक समजून वाचते. दोन्ही प्रणाली आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यांच्यात एकवाक्यता नाही इतकेच.

उबुंटूमध्ये वेळ अचूक दिसत असताना टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडावे आणि प्रशासकाच्या अधिकाराने ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेला ‘सेट-लोकल-आरटीसी’ हा पर्याय व १ हे मूल्य द्यावे. त्यानंतर उबुंटूही त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवील. पुढे बदल नकोसा वाटल्यास १ च्या जागी ० दिले, की पूर्ववत होते.

प्रतिसाद ३:
भारतात हा उपाय मलाही योग्य वाटतो. मी जर्मनीत राहतो. इथे मार्च आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळे तासभर पुढे-मागे करावी लागतात आणि स्थानिक वेळ ठेवल्यास दोन्ही प्रणाली तो बदल स्वतंत्रपणे करून गोंधळ घालू शकतात. त्यामुळे मी विंडोजच्या रजिस्ट्रीत (त्याच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) नोंद करून त्यालाच जागतिक वेळ वाचायला लावले. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवणे मात्र अत्यावश्यक आहे.

प्रश्नकर्ता:
दुसऱ्या प्रतिसादातील आज्ञा रविवारी दिली. तेव्हापासून रोज दोन्ही प्रणाली वापरल्या, घड्याळ एकदाही हलले नाही, आणि काल रात्री ९ वाजता हिशेबाची प्रत आपोआप निघाली. मनापासून आभार.